पापण्यांनी वेचायचं मीठ

स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आपल्या दारात उत्तराबाईंनी कधी चिमूटभरही मीठ टाकू दिलं नव्हतं. नवरा हेमचंद्र गावच्या रस्तेखात्यात इंजिनिअर. बर्फ पडला की ट्रकनं कुठल्या चढावर मीठ टाकायचं आणि कुठे नुसती वाळू, हे तोच ठरवायचा. घरच्या ड्राइव्ह-वेवर मात्र त्याला वाळूच टाकावी लागे.

"अगं, वाळूनं नुसता पाय ठरतो. बर्फ वितळायला मीठच लागतं."

"मीठ पायदळी तुडवत नाहीत. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, आई सांगायची. तुम्ही तर अख्खं गाव खारवलंत. बसा आता वेचत!"

"मग तू ये मदतीला," म्हणून तो खदखदून हसायचा.

तो गेल्यावर दूर दक्षिणेतल्या शुगर लँडहून लेकीचा, अनयाचा लकडा सुरू झाला. "आई, धिस इज द लास्ट विंटर. एकदा जरी आइसवर स्लिप झालीस ना, तर मी घर सेल करणार." लेकीच्या गावात बर्फच नाही, तेव्हा उत्तराबाईंनाही जायला हरकत नव्हती. निदान ते हरीण दिसेपर्यंत तरी नव्हती.

जानेवारीत ते पहिल्यांदा दिसलं. पहाटे ट्रक मीठ टाकून गेला की कोपऱ्यावर येऊन उभं राहायचं. पाऊल टाकण्याआधी पुढचा खूर बर्फावर घासून बघायचं. हेमचंद्र बुटाचा चवडा तसाच घासायचा.

"काकू, हरणं मीठ चाटतात. मिनरल्स लागतात त्यांना," तळघरात भाड्यानं राहणारी चैत्राली म्हणाली. "आमच्या कॅम्पसच्या रोडवर पण येतात, यार."

चाटत असतं तर उत्तराबाईंना काही वाटलं नसतं. पण त्याची जीभ दिसतच नव्हती. ते मान आडवी करून गाल जमिनीला टेकवायचं आणि डोळा मिटायचं, उघडायचं, मिटायचं. मग बोटभर पुढे सरकायचं. दर पहाटे थोडं अलीकडे. आधी कोपरा, मग शेजाऱ्यांचं फाटक, मग उत्तराबाईंची टपालपेटी.

उत्तराबाई अनयाला विमानाचं तिकीट काढू देईनात. एवढा रस्ता एकट्यानं वेचायला त्याला सोडून जायचं कसं?

मग कडाक्याची थंडी पडली. अशा थंडीत मिठाचाही इलाज चालत नाही, म्हणून ट्रकनं नुसती वाळू टाकली. त्या पहाटे हरीण सरळ ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी आलं. गाल टेकवला आणि लगेच मान वर केली. वेचायला काही नव्हतंच. इतक्या वर्षांची वाळूच वाळू. मीठ नाही, म्हणून पुढे यायला वाटही नाही. ते तिथेच थांबून दाराकडे बघत राहिलं. त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"अहो," उत्तराबाई काचेआडून पुटपुटल्या, "मीच अडवलं का तुम्हाला?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मिठाची बरणी काखेत मारली, सपाता चढवल्या आणि बाहेर पडल्या. पहिल्याच पायरीवर पाय सटकला, पण वाळूनं धरला. टपालपेटीपासून पायरीपर्यंत त्यांनी मुठीमुठीनं मीठ टाकलं. रेघ सरळ पडली. मग दार उघडं टाकून त्या उंबऱ्याच्या आत बसल्या.

हरणानं खूर घासून बघितला. गाल टेकवला. डोळा मिटला.

उजाडलं तेव्हा पायरीपर्यंत दाणाही उरला नव्हता. बर्फावर खुरांचे ठसे आत येताना दिसत होते. परत जाताना एकही नव्हता.

फोन वाजला.

"आई, बाहेर नाही ना गेलीस?"

"इथेच तर आहे, दारात."

"मग तिकीट बुक करू ना? कधी येतेस?"

उत्तराबाईंनी रिकामी बरणी उपडी करून बघितली. घरात त्यांच्या मागे, फरशीवर काहीतरी अलगद घासल्याचा आवाज झाला. त्या वळल्या नाहीत.

"येईन गं," त्या म्हणाल्या. "आता माझ्याही हातून सांडलंय. तेवढं वेचून होऊ दे."