चहातली पांढरी पूड

काही प्रकरणांची फाईल बंद होते, प्रकरण बंद होत नाही. खून, दरोडे, दंगली, नोकरीत सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. येवल्याच्या बाजूची एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते. त्यात गुन्हेगार कोणी नव्हता. तरीही एका बाईचा संसार त्यात मोडला आणि त्याला मीही कारण आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यातला फोन वाजला. बाईचा आवाज होता, नाव सांगायला तयार नव्हती. "विणकरांच्या गल्लीत म्हातारी मेली हाय. रगत ओकून मेली. सून तिच्या चहात रोज पांढरी पूड घालायची, म्या डोळ्यांनी पाह्यलंय. आता घाईघाईनं जाळायला निघालेत." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन शिपाई घेऊन निघालो. तिरडी बांधून झाली होती. मी प्रेत उचलू दिलं नाही. अशा वेळी लोक पोलिसांच्या अंगावर येतात, पण त्या दिवशी गल्ली गप्प राहिली. सगळे सुनेकडे बघत होते. निकाल तिथेच लागून गेलाय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घरात नवरा-बायको, त्यांची लहान मुलगी आणि ही सासू. सासू साठीच्या पुढची, पैठणी विणणारी. पाय खड्ड्यात सोडून दिवसभर मागावर बसायची. सून तिला रेशमाच्या कांड्या भरून द्यायची आणि घरचं पाहायची. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं. झडतीत आम्ही विष शोधत होतो. उंदराचं औषध सापडलं, ते जप्त केलं. मागाशेजारच्या कोनाड्यात पत्र्याचा एक डबा होता. शिपायाने उघडून पाहिला. "काय नाय साहेब, दुखण्याच्या गोळ्या हायत." मी म्हटलं, ठेव तिथेच. त्याने डबा ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून त्यातलीच एक गोळी तोंडात टाकली. मीही काही बोललो नाही.

सुनेला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. पंचविशीची, अंगाने बारीक.

"चहात काय घालत होतीस?"

"गोळी, साहेब. आत्याबाईंच्या गळ्याखाली गोळी उतरत नव्हती. मग मी कुटून घालायची." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"कसली गोळी?"

"पाठीची, गुडघ्याची. समदी घेत्यात ती."

"रक्त पडायच्या आधी काही त्रास होता का तिला?"

इथे ती अडली. मान खाली घातली आणि बोलेनाच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ती रडली, पण बोलली नाही. तोवरच्या नोकरीत माझा एक पक्का समज झाला होता, की निर्दोष माणूस बडबडतो आणि दोषी गप्प बसतो. दुपारपर्यंत मी मनातल्या मनात तिला शिक्षासुद्धा देऊन मोकळा झालो होतो.

आमच्या ठाण्यात एकच महिला शिपाई होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा." अर्ध्या तासाने बाहेर आली आणि जे कळलं ते तिने सांगितलं. म्हातारीच्या पोटात आग पडायची. महिनाभर तिला डांबरासारखी काळी शौचाला होत होती. हे कोणाला, अगदी लेकालाही सांगायचं नाही, अशी तिने सुनेला पोरीची शपथ घातली होती. "तुमच्यासमोर असलं कसं बोलेल ती?" महिला शिपाई म्हणाली. मला स्वतःचीच लाज वाटली.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "विषाची लक्षणं दिसत नाहीत. व्हिसेरा तपासणीला पाठवतोय, पण जठरात मोठा व्रण आहे. त्यातून रक्त गेलंय. दुखण्याच्या गोळ्या घ्यायची का? त्या रोज घेतल्या की असे व्रण पडतात." काळ्या शौचाचं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. "म्हणजे आत रक्त वाहतच होतं. तेव्हा आणली असती तर कदाचित वाचली असती."

मी परत जाऊन तो डबा उघडला. खाली रिकाम्या पाकिटांचा थर होता. म्हातारीच्या मुलाने सांगितलं, सकाळी एक, मागावरून उठताना एक, लग्नसराईत साडी पुरी करायची असली की आणखी एक. अशी कित्येक वर्षं. डॉक्टरला कधी विचारलं नाही, किराणा दुकानात मिळायच्या. वर सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचे उपवास.

"उपाशीपोटी गोळी?"

"गोळीनं उपास मोडत नाय ना, साहेब. आणि पोटात आग पडली तर उपासाचं पित्त म्हणायची."

जीपच्या धक्क्यांनी माझी कंबर धरायची. त्याच गोळीचं पाकीट माझ्या खिशात होतं आणि सकाळी कोऱ्या चहाबरोबर मीही एक घेतली होती.

सुनेला लगेच घरी जायला सांगितलं. ती जागची हलेना. "साहेब, गल्लीत येऊन समद्यांसमोर सांगा. माझं कोण ऐकणार?"

"व्हिसेऱ्याचा अहवाल आला की तहसीलदारांकडे कागद जाईल."

"तो कागद गल्लीत कोण वाचणार?"

अहवालाआधी जाहीर बोलणं नियमात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बंदोबस्तही होता. तिला नेताना आमची जीप सगळ्या गल्लीने पाहिली होती. परत जाताना ती एकटी पायी गेली.

अहवाल यायला कित्येक महिने लागले. विष आढळलं नाही. कागद घेऊन मी गल्लीत गेलो, चार माणसं गोळा करून वाचून दाखवला. लोकांनी ऐकून घेतला. घरात नवरा आणि मुलगी दोघंच होती. सून माहेरी, सायखेड्याला गेली होती. नवऱ्याने खाली बघत सांगितलं, "तिच्या हातचा चहा कोणी घेईना, साहेब. पोरीलाबी लोक सांगायचे, आईच्या हातचं खाऊ नको."

तसाच सायखेड्याला गेलो. तिने अहवाल ऐकला आणि म्हणाली, "पण गोळी तर मीच कुटून देत होते." कायद्याने तिच्यावर काही नाही, हे मी दोनदा सांगितलं.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. घरोघरच्या डब्यात असते म्हणून गोळी निरुपद्रवी होत नाही. रोज लागत असेल तर डॉक्टरला विचारा, पोटात आग पडत असेल किंवा शौचाला काळी होत असेल तर सांगायला लाजू नका. दुसरी गोष्ट पोलिसांसाठी. संशय जीपमधून मिरवत नेलात, तर निर्दोषपणही तसंच मिरवत आणून पोहोचवा, आणि त्याच दिवशी. मी ते केलं नाही.

सायखेड्याला त्या दिवशी तिने मला चहा विचारला नव्हता. मीच म्हटलं, "कपभर चहा टाक." ती आत गेली, चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देण्याआधी तिने त्यातला थोडा बशीत ओतला आणि माझ्यासमोर उभ्यानेच पिऊन टाकला.

"असं का?" मी विचारलं.

"सवय लागलीय, साहेब," ती म्हणाली आणि कप पुढे केला.