काळ्या चिरेचं पाणी

माझे चुलते भाऊसो यांनी उभ्या जन्मात लोकांच्या किती विहिरी पाडल्या, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. सुरुंगाची भोकं मारायची, कातळ फोडायचा, दगड यारीनं वर ओढायचे. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा आणि त्याच पाण्याचा तांब्या काकांच्या ओंजळीत वरून ओतायचा. मला याचा संताप यायचा. काकांना यायचा की नाही कुणास ठाऊक, कारण घरी आले की ते आधी आडवे व्हायचे.

आमचं गाव पन्हाळ्याच्या वाटेवर, बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला. गावच्या विहिरीवर जायला आम्हाला कायद्यानं कुणाची ना नव्हती. पण शेवंताकाकी गेल्या की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या आणि त्यांच्यापैकीच एखादी काकींच्या घागरीत वरून पाणी ओतायची. जन्मशताब्दीच्या साली, एक्क्याण्णवला, काकी नवऱ्याला म्हणाल्या, "दुसऱ्यास्नी हिरी पाडून देता, आपल्या वस्तीला कवा? बुद्धपौर्णिमेचं पांढरं लुगडं मला आपल्या पाण्यात धुवायचं हाय."

झालं. वस्तीमागच्या माळावर काकांनी पहार मारली. सुट्टीच्या दिवशी, आजारपणात, कामावरून आल्यावर माणूस खड्ड्यात. मऊ लागलं की कोपरानं खणणारे पुष्कळ असतात, काकांच्या वाट्याला मऊ कधी आलंच नाही. वस्तीतले लोक हात लावायचे आणि आपापल्या पोटामागे निघून जायचे. सहाव्या उन्हाळ्यात उगवतीच्या अंगाला वीतभर रुंद काळीकुट्ट चीर लागली. दगड हाताला जड, बोट लावलं तर तव्याखालची काजळी लागावी तसं काळं. त्याच चिरेतून पाणी पाझरत होतं.

पाणी काचेसारखं स्वच्छ. काकींनी त्या दिवशी पांढरं लुगडं धुऊन माळावर वाळत घातलं आणि दुपारी आणायला गेल्या, तर लुगडं चहाच्या रंगाचं! सोडा घालून परत धुतलं, तर आणखी गडद झालं. वस्तीतल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांची तीच गत झाली. काकींनी लुगड्याची घडी घालून ते ट्रंकेत ठेवलं. त्या चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

गावातला आकाराम कट्ट्यावर बसून म्हणाला, "भाऊसोला खाण लागलीया, आता बंगला बांधतोय बघा." मी कोल्हापुरात कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. पिशवीतून तो दगड नेऊन मी चौगले सरांना दाखवला. एका रविवारी सर स्वतः आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून विहिरीत उतरले.

"मँगेनीज आहे," ते म्हणाले. "हा सगळा डोंगर लाव्हारसाचा, थरावर थर. थंड होताना त्याला भेगा पडल्या. खडकात मुरणारं पाणी थोडं थोडं मँगेनीज विरघळवून आणतं आणि हवा मिळाली की भेगेत काळं सोडून जातं. लाखो वर्षांचं काम आहे हे. पण खाण म्हणाल तर नाही. खाली चीर निमुळती होत गेलीय. फार तर बैलगाडीभर निघेल."

"खाण कोन मागतंय साहेब? चीर बुजवली तर कापडं पांढरी ऱ्हातील का?" काकांनी विचारलं.

सरांनी चिरेवरून बोट फिरवलं. "भाऊसो, जी वाट काळ्याची तीच पाण्याची. बाकीचा कातळ कोरडा आहे. चीर बुजवली तर पाणीही बंद होईल." पाणी तपासून त्यांनी नंतर निरोप दिला की रात्रभर ठेवून, गाळून प्यायला हरकत नाही. कपड्यांवर मात्र त्यांच्याकडे उपाय नव्हता.

इतक्या विहिरी पाडलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण दमलेल्या माणसाला खरं ऐकवत नाही. काकांनी सिमेंट आणलं आणि चीर बुजवली. आठवडा गेला नाही तोच विहिरीचा तळ दिसायला लागला. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन परत गावच्या विहिरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

काका काठावर बसून होते. "दमलो गा नागसेन," मला म्हणाले, "आता ह्या हातांत काय न्हाय." आणि तेच हात पहार घेऊन खाली उतरले. स्वतः घातलेलं सिमेंट ते फोडत होते आणि मी वरून पाटी ओढत होतो. मला रडू येत होतं. इतका थकलेला माणूस मी परत पाहिला नाही.

चीर मोकळी झाली, पाणी परत आलं, आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेला आमची वस्ती टेंपो करून कोल्हापूरला बुद्धवंदनेला गेली. मैदान लोकांच्या कपड्यांनी पांढरंशुभ्र दिसत होतं, आणि त्यात आमच्या बायका चहाच्या रंगात. काका टेंपोतच बसून राहिले. "तुमी जावा, माझं गुडघं दुखत्यात," म्हणाले. कसबा बावड्याची एक बाई काकींकडे बघून हसली. "काय वो मावशी, लुगडी चहात बुडवून आलासा व्हय?"

काकींनी पदर डोक्यावर नीट घेतला. टेंपोपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या हिरीच्या पान्याचा रंग हाय ह्यो. ते टेंपोत बसल्यात न्हवं, त्येनी पाडलीया. आमच्या घागरीत आता कोन वरनं वतत न्हाय."

बाईचं हसू थांबलं. जरा वेळानं काका गुडघ्यावर हात ठेवत टेंपोतून उतरले आणि येऊन रांगेत बसले. त्यांचा सदराही त्याच रंगाचा होता.