आधी बाटली, मग बोलणं

फुकट आलेल्या वस्तूकडे आफिया न्यार्कोआ आधी नाकाने बघायची, तळाचा टोमॅटो सडलाय का हे हुंगून पाहावं तशी. कुणी जरा जास्तच गोड बोललं, की ती त्याच्या खांद्यावरून मागे बघे. हा कुणाला घेऊन आलाय?

कुमासी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या बाजारात टोमॅटोवाल्या बायकांनी तिला आपली राणी निवडलं होतं. सगळ्या तिला ‘एना’ म्हणत, म्हणजे आई. राणीने फाटकाशी स्टूल टाकून बसायचं, कुठले ट्रक आज आत घ्यायचे नि कुठले उद्यावर ठेवायचे ते ठरवायचं. सगळेच एकदम शिरले तर संध्याकाळपर्यंत माल मातीमोल. तिने हात वर केला की भलाथोरला ट्रकही जागच्या जागी थांबे.

एका सकाळी ओफोसुहेने नावाचे साहेब आले. परदेशी मदतीचं काम बघणारे, पण माणूस इथलाच. बाजाराला पक्कं छप्पर आणि थंड खोली मिळणार होती. आल्याआल्या त्यांनी जिनची बाटली आफियापुढे ठेवली. पाहुण्याने बाटली आणायची, हे रीतीला धरूनच होतं. पण आधी त्याने काम सांगायचं, मग बायकांनी आपसात बोलायचं, आणि पटलं तरच बूच काढायचं. पहिले थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीवर पडले की शब्द दिला गेला. मग माघार नाही.

“उघडा की, एना,” साहेब हसले. “बाकीचं बोलू सावकाश.”

आफियाच्या मनात पाल चुकचुकली. तिने बाटली उचलून शेजारी बसलेल्या टोमॅटोवाल्या दुफीच्या मांडीवर ठेवली. “सांभाळ गं. साहेब, घाई कसली? तहान लागलीये?”

“तसं नाही हो...”

“मग अट सांगा.”

“अट म्हणजे... फाटक उघडं ठेवायचं, एवढंच. कुणालाही अडवायचं नाही.”

“बंदरावरून टोमॅटोच्या लगद्याचे डबे येतात, त्यांच्या ट्रकांनाही नाही?”

“उघडं म्हणजे सगळ्यांनाच उघडं.”

“डब्याला सडायची घाई नसते, साहेब. माझ्या टोमॅटोला असते. आणि हे डबे येतात कुठून? छप्पर देणाऱ्यांच्याच गावचे ना?”

साहेबांनी कपाळ पुसलं. मग हळूच म्हणाले, “आणि आत येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे टोमॅटोची एक पेटी तुमच्या घरी जाते, त्याचं काय?”

बायकांनी माना खाली घातल्या. आफिया ताडकन उठली. “जाते! उन्हात बसते कोण? ड्रायव्हरांच्या शिव्या खातं कोण? छप्पर देणारे तुमचे ते परदेशी?”

तेवढ्यात मागे बूच निघाल्याचा आवाज झाला.

दुफीने बाटली तिरपी केली होती. जिन मातीत मुरत होती.

“दुफी! काय केलंस हे?”

“गेल्या पावसात माझा सगळा माल कुजला, एना. तू मला पुढच्या खेपेचा वायदा दिलास. मला छप्पर हवंय.” तिने पेला भरून पुढे केला. “पूर्वजांना पोचलं. आता घे.”

नाही म्हणायची सोय नव्हती. आफियाने पेला रिकामा केला.

छप्पर झालं. चांगलं झालं, पाण्याचा थेंब आत येत नव्हता. पहिल्याच बाजाराला ट्रक एकामागून एक शिरले, डब्यांचे सगळ्यांत पुढे. दुपारी दुफी धावत आली. “एना, टोमॅटोला कुणी विचारत नाहीये गं. निदान हा एक डब्यांचा ट्रक तरी थांबव!”

हिला आता कुणी पाठवलंय, असा विचारही आफियाच्या डोक्यात येऊन गेला. मग ती उठली, ट्रकसमोर उभी राहिली आणि तिने हात वर केला.

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. पोरगा ओळखीचा होता.

“एना, जरा बाजूला व्हा ना,” तो कळवळून म्हणाला. “तुमच्यावर हॉर्न वाजवायची लाज वाटते मला.”