हंड्यामागे एक गोळी

शहाऐंशीच्या नवरात्रात, आठव्या माळेला, घाटकोपरच्या आमच्या चाळीत बातमी पसरली की शांताबाई आजारी चाळ टाकून नागपूरला पळाली. पसरवली कोणी ते विचारू नका. सकाळी नळावर सर्वांत आधी मी होते, एवढंच सांगते.

बातमी अर्धा तास टिकली. शांताबाईचं दार बंद होतं हे खरं, पण ती सापडली आमच्याच चाळीतल्या आजारी नलिनीच्या खोलीत, तिला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजताना. वर मलाच म्हणते, "सुगंधा, बोंबलून झालं असेल तर लिंबू आण."

शांताबाई मूळची परभणीकडची. साकीनाक्याला बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला. नवरा गेल्यावर दोन पोरी एकटीने वाढवल्या, लग्नं लावून दिली. दसऱ्याला एकदा नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं, एवढी एकच तिची इच्छा. पण दरवर्षी काहीतरी आडवं येई. कधी पोरीचं बाळंतपण, कधी रजा नाही. त्या वर्षी सगळं जुळलं होतं. आठ दिवसांची रजा, ओळखीच्या बायकांची सोबत, गाडीचं तिकीट, नवी पांढरी साडी. साडी मला तीनदा दाखवून झाली.

"झकास," मी म्हटलं, "पण नेसणार कधी, पुढल्या जन्मी?"

"आमच्यात पुढला जन्म नसतो गं. याच जन्मी नेसणार."

आणि नेमकी गॅस्ट्रोची साथ आली. पाइप फुटून गटाराचं पाणी नळात शिरलंय, असं जो तो म्हणत होता. म्युनिसिपालिटीचा माणूस क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा घेऊन आला. हंड्यामागे एक गोळी, अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. कुणीतरी एकाने रोज घरोघर फिरून टाकायची. कुणाची ड्युटी निघाली, कुणाच्या घरी घट बसलेले. माझी कंबर दुखायला लागली. डबा शांताबाईने उचलला. "मी निघेपर्यंत बघते, मग नलिनी बघेल." नलिनी म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतली टायपिस्ट.

आमच्या घरी मात्र सासूबाईंनी हंड्यावर हात ठेवला. शांताबाई बौद्ध आहे हे त्यांना एरवी आठवत नसे, हंड्याशी बरोबर आठवलं.

"गोळी हय ठेव. माजी मी टाकतंय."

शांताबाईने आठवडाभराच्या गोळ्या मोजून फळीवर ठेवल्या आणि पुढच्या दाराला गेली. मी मान खाली घातली.

एका गोळीने भागतं तर पाचांनी पक्कं होईल, असा सासूबाईंचा हिशोब. नवरात्रात मासळी बंद, म्हणून त्यांनी त्याच पाण्यात टोपभर सोलकढी केली. कोकमाचा रंग पार उडाला. कढी पांढरीफटक, वास धोब्याच्या घरासारखा. एक घोट घेऊन सासूबाई मोरीकडे धावल्या. दुसऱ्या दिवशी शांताबाई दारात येताच त्यांनी स्वतः झाकण काढलं. "टाक गो बाय. माका जमना नाय."

आणि गाडीच्या दिवशीच नलिनी आडवी झाली. मी शांताबाईला म्हटलं, "तू जा. मी टाकते गोळ्या."

"तू? तुझी कंबर दुखते ना?"

सोबतच्या बायका दादरहून गेल्या. शांताबाई राहिली.

आमच्या चाळीतले नऊ जण इस्पितळात गेले, त्यांत माझी थोरली लेकही. तिला मध्यरात्री रिक्षात घालून नेणारी शांताबाईच. नऊच्या नऊ घरी परत आले. शेजारच्या चाळीला असं म्हणता आलं नाही. एवढ्या उपकारांना माझ्याकडे चेष्टेशिवाय नाणं नव्हतं, म्हणून दसऱ्याला शिऱ्याची वाटी घेऊन तिच्याकडे गेले. पांढरी साडी नेसून, हातात डबा घेऊन ती फेरीला निघाली होती. मला चेष्टाही जमली नाही.

"तुझं नागपूर हुकलं गं आमच्यापायी."

ती म्हणाली, "हुकलं म्हणून रडू काय? तिथं म्हणे जमलं की जो तो आपल्या गावच्या पाणवठ्याचं सांगतो, कुणी पाण्याला शिवू दिलं नाही त्याचं. पुढल्या वर्षी मी जाईन आणि सांगीन, बावीस घरांनी माझ्यासाठी हंड्यांची झाकणं काढली, त्यात एक मालवणी म्हातारीपण होती. वाटी ठेव तिथं, आणि घरी जाऊन हंडा भर. तुझ्याकडेच येतेय."