कविता सोडलेला माणूस आणि आमचा शुक्रवार

दुबईत खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळपर्यंत टेबलावर वाळूचा थर येतोच. किश्शांचंही तसंच. आमच्या शुक्रवारच्या मंडळात आम्ही जमायचो कविता वाचायला आणि साचायचे किस्से. तेव्हा तिकडे सुट्टी शुक्रवारी असे. ऊद मेथा भागात दामल्यांच्या हॉलमध्ये सकाळी दहाला आम्ही आठ-दहा मराठी माणसं. नव्वदीतली गोष्ट.

पहिल्याच दिवशी दामल्यांनी मला विचारलं, "आजी, तुमचं शिक्षण?" ते बँकेत मॅनेजर, पुण्याचे.

"सातवी नापास. इंग्रजी डिक्शनरीतून शिकले, तीही नातवाची. आणखी काही? नसेल तर वाचा!"

दामल्यांनी मुकाट्याने झेरॉक्स वाटल्या.

*

त्या वर्षी एका फ्रेंच कवीचं चरित्र आणि त्याच्या कविता चालल्या होत्या. कवितेतली प्रत्येक ओळ आयुष्यातल्या कुठल्यातरी दुखण्यातून आलीय, असं दामल्यांचं ठाम मत. "बाप घर सोडून गेला, आई कडक. म्हणून कवितेत एवढा संताप!"

मिसेस दामले चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या, "असं असतं तर तुमच्या आईंच्या हाताखाली मी महाकवी झाले असते!"

मी म्हटलं, "माझा नवरा गेला तेव्हा मी पंचविशीत होते. दुःख भरपूर होतं हो, पण त्यातून कविता नाही आली. शिलाई मशीन आलं."

कोणी हसलं नाही. मी विनोद म्हणूनच बोलले होते.

*

घरी मी ही इंग्रजी झेरॉक्स शब्द लावत लावत वाचायची. घरचे सगळे सकाळी सातला बाहेर पडत, त्यानंतर मी आणि एसी. नातू शाळेतून आला की त्याला कवीबद्दल सांगायला जायची.

"आजी, बट ही इज डेड!"

"असेना! दिवसभरात माझ्याशी बोलला तो एकटाच."

मुलगा ऑफिसातून रोज फोन करी. "आई, येताना काही आणू का?"

"माणूस आण! गप्पा मारायला."

"इन्शाल्ला, बघतो," म्हणाला. जे करायचं नसतं त्याला तिकडे आपले लोक इन्शाल्ला म्हणतात.

*

मग आले पालव. कोकणातले, फुजैराच्या बंदरात वेल्डर. आठवड्याची एकुलती सुट्टी, आणि हा गृहस्थ कुणाच्या तरी पिकअपमधून दोन तास हाडं खिळखिळी करत आमच्याकडे कविता ऐकायला!

नेमका त्याच दिवशी धडा होता, कवीने विशीतच लिहिणं कसं सोडलं आणि इकडे अरबांच्या मुलखात येऊन कॉफीचा व्यापार कसा केला. दामले टाळी वाजवून म्हणाले, "परदेशात आला आणि कविता खलास!"

पालवांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "सर, मग परत कधी चालू केली?"

"नाही केली. मरेपर्यंत."

पालवांनी चहा तसाच ठेवला. जिन्यात मी त्यांना गाठलं. गावी असताना त्यांच्या कविता तालुक्याच्या दिवाळी अंकात छापून येत. इथे येऊन चार वर्षं झाली, एक ओळ सुचली नव्हती.

"आजी, माझंही गेलंच म्हणायचं काय?"

"गेलं कशाने? तो फ्रेंच होता, तुम्ही मालवणचे!" मी दटावलं.

*

पुढच्या शुक्रवारी कवीची घरी धाडलेली पत्रं वाचायला आली. ऊन फार, कंटाळा फार, अमुक पुस्तक पाठवा. दामले वैतागले. "एवढा मोठा कवी, आणि पत्रात काव्याचा लवलेश नाही!"

पालव खाली बघत म्हणाले, "सर, ‘मी मजेत आहे’ एवढं घरच्यांना पटवण्यातच सगळी अक्कल खर्ची पडते."

त्या दिवशी दामल्यांनी धडा अर्ध्यावर थांबवला.

*

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ठरलं, प्रत्येकाने स्वतःची कविता आणायची. मी पालवांना बजावलं, "रिकाम्या हाताने आलात तर माझ्याशी गाठ आहे!"

आले. हातात कागद नव्हता. टेपरेकॉर्डर होता. पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेट भरायची आणि गावी जाणाऱ्याच्या हाती द्यायची, अशी त्यांच्या कामगारांच्या कॅम्पवर पद्धत.

"ही परवा भरली," म्हणाले, आणि बटण दाबलं.

एसीची घरघर. स्टोव्ह पेटल्याचा आवाज. झाकण पडलं. कुणीतरी खोकलं. लांबवर बोटीचा भोंगा. मग परत घरघर. पाच मिनिटं झाली, शब्द नाही.

दामले चुळबुळले. "पालव, यात कविता कुठाय?"

"मागच्या खेपेला खुशाली बोलून झाली आणि बटण बंद करायला विसरलो, सर. पुढची सगळी टेप अशीच भरली. न ऐकताच पाठवून दिली." पालवांनी आवाज थोडा वाढवला. "मग बायकोचा फोन आला. म्हणाली, ‘आता बोलू नका. नुसतं चालू ठेवा.’"