शेजारच्या काकूंची मिसरी

निजामाच्या राज्यात मुरुमला आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. हैदराबादला शिकून आलेल्या डॉक्टरला जे कळत नव्हतं, ते सगळं त्यांना कळायचं. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करायच्या आणि बोट काळं करून गल्लीतली लेकरं धुंडाळायच्या. दात येऊ दे, किडू दे, हिरडी सुजू दे, दवा एकच. "लई गुणाची हाय बघ," असं म्हणत उरलेले चार दात दाखवून हसायच्या.

माझ्या लेकीच्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा त्यांनीच मिसरी चोळली. पोर दुपारपर्यंत गुंगीत पडून राहिली. "बघ, कसा आराम पडला!" काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात उमरग्याहून त्यांची नात आली. सकाळी बघते तर काकू तिला मांडीवर घेऊन, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं तिच्या हिरड्या हळूहळू पुसत होत्या.

"काकू, मिसरी संपली व्हय?" मी विचारलं.

"न्हाय गं. ही अजून लहान हाय."

माझी लेक त्या नातीहून सहा महिन्यांनी धाकटी होती.