सापो एकटाच जातो

माझा दाजी सापो शिकारीला कुणालाच बरोबर नेत नसे. आमच्याकडे दिवसा बरेच पुरुष एकटे जातात, पण तळ्यापलीकडच्या तरसांच्या खडकाळीत एकटा जाणारा तो एकच. मी एकदा हट्टाने त्याच्या मागे गेलो. अर्ध्या वाटेत त्याने मला खाली बसवलं.

"मेव्हण्या, दोघं असलो की मला वाटतं तू बघतोयस, तुला वाटतं मी बघतोय. मग सापाकडे बघणार कोण?"

तेव्हा राग आला. पण माझं तोंड कधी बंद नसतं हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.

एकट्याने जाण्याची त्याची शिस्त होती. प्रत्येक वळणावर डहाळी मोडून तिचं टोक वस्तीकडे करायचा, म्हणजे काही झालंच तर शोधणाऱ्याला माग लागावा. टेकायचं तर पाठ झाडाला लावूनच. आणि ते एकटेपण त्याला मनापासून आवडायचं. रानात डोकं स्वच्छ होतं म्हणायचा. वस्तीत घटकेघटकेला कुणीतरी तंबाखू मागतं.

माझी बहीण हमाया मात्र त्याचा एक डोळा अधू झाल्यापासून, एकटा जाऊ नकोस म्हणून, हात धुऊन मागे लागली होती. एकदा जरी लंगडत आलास तर धनुष्य चुलीत घालीन, असं तिने सगळ्यांदेखत बजावलं होतं. हमायाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी सापो आला आणि कुणाशी न बोलता आगीपाशी बसला. भात्यात एक बाण कमी होता. आमच्यात मोठं जनावर मारणारा बढाई मारत नाही. तो गुपचूप बसतो, ओळखायचं बाकीच्यांनी. विषाचा बाण लागलेलं जनावर पडायला वेळ लागतो, म्हणून माग काढायला सकाळी सगळ्यांनी जायचं. आम्ही लगेच ओळखलं. सुऱ्या घासल्या, पोरं नाचली, मी तर कुडू हरणाची चरबी जिभेवर घोळवतच झोपलो.

सकाळी तो उठला नाही. दमला असेल म्हणून आम्ही चौघे त्याचा माग उलटा धरून निघालो. मांस आणायला हमायाही आली.

शेवटच्या झोपडीपासून थोड्याच अंतरावर, झुडपाआड, एक काठी पडली होती. काठीपासून वस्तीकडे येणारी पावलं सरळ होती. काठीच्या पलीकडे मात्र डावा पाय फरफटलेला, आणि शेजारी काठीची भोकं. आमच्यातल्या लहान पोरालाही ते वाचता आलं असतं.

पुढे तेच. दर थोड्या अंतरावर तो बसला होता, पुन्हा उठला होता. येतानाही प्रत्येक वळणावर डहाळी मोडली होती. एका गोरखचिंचेखाली तरसांची पावलं गोल फिरलेली दिसली. मधे राख होती, आणि खोडाला पाठ टेकल्याची खूण. दुखऱ्या पायाने, एकट्याने, त्याने जाळ करून त्यांना परतवलं होतं. माझा तर ऊर अभिमानाने भरून आला. शेवटी रानडुकराचं बीळ लागलं, आमच्याकडची डुकरं बिळातच झोपतात. त्यात पाय गेल्याची खूण, शेजारी मोडलेला बाण. कुडू वगैरे काही नव्हतं.

परतताना हमायाने ती काठी उचलली. सापो आगीपाशीच होता, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. आता झाकून उपयोग नव्हता. त्याने स्वतःच धनुष्य तिच्यापुढे सरकवलं. तिने ते परत सरकवलं आणि काठी त्याच्या मांडीवर ठेवली.

"जा तू एकटाच," ती म्हणाली. "तरसांना कसं आवरलंस, बघितलंय मी. पण काठी टेकत घरापर्यंत येत जा. शेवटची ती पावलं माझ्या भीतीने चाललास ना?"

सापोने होय म्हणून मान हलवली. मग हमाया त्याचा पाय मांडीवर घेऊन रडायला लागली.